नॉयर, भयकथा, सागरी साहस आणि वेस्टर्न: पल्प मासिकांतील या कथांना जोडणारा धागा कोणता?

प्रश्न

गेले काही महिने मी अमेरिकन पल्प मासिकांतील, मुख्यतः १९२० ते १९४० या काळातील, कथा सलग वाचत आहे. ‘ब्लॅक मास्क’मधील शहरी गुन्हेकथा (म्हणजेच नॉयर), ‘वीअर्ड टेल्स’मधील भयकथा, ‘अ‍ॅडव्हेंचर’मधील सागरी कथा आणि ‘वेस्टर्न स्टोरी मॅगझिन’मधील अमेरिकेच्या पश्चिम भागातील घोडेस्वारांच्या कथा (वेस्टर्न) यांचे विषय एकमेकांपासून इतके दूर असूनही त्या एकाच घराण्यातल्या वाटतात. हे साम्य केवळ बाजाराच्या गरजेतून आले, की या प्रकारांच्या मुळाशीच काही समान आहे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

पहिले उत्तर

सुरुवात कागदापासून करावी लागेल, कारण ‘पल्प’ हे नावच लाकडाच्या लगद्यापासून बनवलेल्या स्वस्त कागदावरून पडले आहे. फ्रँक मन्सी यांनी १८९६ मध्ये ‘आर्गसी’ हे मासिक अशा कागदावर, केवळ कथांना वाहिलेले असे काढले आणि पुढच्यांनी तोच कित्ता गिरवला. माझ्याकडे तिसाच्या दशकातला एक अंक आहे. त्याच्या न कापलेल्या खडबडीत कडा तपकिरी झाल्या आहेत आणि पान कितीही जपून उलटले तरी टेबलावर कागदाचा भुगा पडतोच. टिकण्यासाठी हा अंक छापलाच नव्हता.

लेखकाला मोबदला शब्दांवर मिळत असे, आणि अनेक मासिकांचा दर शब्दामागे एक सेंट किंवा त्याहूनही कमी होता. त्यामुळे पोट भरायचे तर एकाच प्रकारावर विसंबून चालत नसे. रॉबर्ट हॉवर्ड यांनी अवघ्या ३० वर्षांच्या आयुष्यात भयकथा, खलाशी मुष्टियोद्ध्याच्या कथा, विनोदी वेस्टर्न आणि तलवारबाजीच्या कथा लिहिल्या. आपल्याला जाणवलेले साम्य बऱ्याच अंशी असे आहे: हात तोच, वेश निराळा.

दुसरे उत्तर

वरील मताशी मी सहमत आहे, परंतु बांधणीचा मुद्दा राहून गेला आहे. पल्प लेखक लेस्टर डेंट यांनी सहा हजार शब्दांच्या कथेचा एक आराखडाच मांडला होता: दीड हजार शब्दांचे चार भाग, पहिल्याच ओळीत किंवा तिच्या शक्य तितक्या जवळ नायकावर संकट, आणि पुढे प्रत्येक भागात नवी अडचण व अनपेक्षित वळण. हा आराखडा गोदीवर चालतो, वाळवंटात चालतो आणि पडक्या वाड्यातही चालतो.

भयकथेबाबत मात्र एक भेद ध्यानात घ्यावा. १९३३ मध्ये ‘डाइम मिस्टरी’ या मासिकाने पॅरिसच्या ग्राँ गिन्योल या रक्तरंजित भयनाट्यांच्या रंगभूमीपासून प्रेरणा घेऊन जी धाटणी रूढ केली, तिच्यात भुताटकी वाटणाऱ्या प्रकारांमागे शेवटी बहुधा एखादा माणूसच निघतो, आणि त्यामागे वारसाहक्क किंवा जमिनीचा लोभ असतो. अलौकिकाला मोकळीक होती ती ‘वीअर्ड टेल्स’मध्ये. म्हणूनच ‘डाइम मिस्टरी’ची भयकथा मला गुन्हेकथेची सख्खी बहीण वाटते. मात्र या धाटणीतील क्रौर्य आणि स्त्रियांचे चित्रण, तसेच एकूणच पल्पमधील परक्या वंशांविषयीची भाषा आज वाचताना खटकते, आणि ती खटकायलाच हवी.

तिसरे उत्तर

मला अनुभवाचा मुद्दा अधिक महत्त्वाचा वाटतो. गुन्हेकथा लिहिणारे डॅशिएल हॅमेट यांनी पिंकर्टन या खासगी तपास संस्थेत गुप्तहेर म्हणून काम केले होते, आणि सागरी भयकथा लिहिणारे विल्यम होप हॉजसन हे किशोरवयापासून काही वर्षे व्यापारी जहाजांवर होते. ‘अ‍ॅडव्हेंचर’चे वाचकही चोखंदळ होते, ‘कॅम्प-फायर’ या सदरात लेखक आणि वाचक कथेतील तपशिलांवर चर्चा करत. आराखडा कुणालाही उसना घेता येतो, पण भिजलेल्या दोराची पकड किंवा पाठलाग करताना राखायचे अंतर उसने मिळत नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तिसऱ्या उत्तरामुळे हॉजसन यांची ‘द व्हॉइस इन द नाइट’ ही १९०७ मधील कथा मी पुन्हा वाचली. अंधाऱ्या समुद्रावर एका होडीतून आवाज येतो, तो अन्न मागतो, पण दिवा जवळ आणू नका अशी विनवणी करतो. यात गुन्हेकथेतील साक्षीदार आहे, सागरी कथेतील एकटेपण आहे आणि वेस्टर्नमधील परक्याला शिधा देण्याचा प्रसंगही आहे. दर आणि आराखडा यांनी कथांची संख्या वाढवली असेल, परंतु येथे मला धरून ठेवतो तो जहाजावरच्या माणसांचा निर्णय: ते दिवा झाकतात आणि अन्नाची पेटी पाण्यावर सोडतात.