मदत हवी आहे: क्रेडिट कार्ड घेऊ की डेबिटवरच भागवू?

नमस्कार मंडळी. मी डिचोलीचा, नोकरी पणजीत. आजवर एकच डेबिट कार्ड, पगाराच्या खात्याचं. पेट्रोल, ऑनलाइन खरेदी, सगळं त्यावरच. यंदा चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) तोंडावर कुणीतरी त्यावरून १८,००० रुपये उडवले. त्याच दिवशी बँकेला कळवलं. चूक आपली नसेल आणि तीन कामाच्या दिवसांत तक्रार केली तर भुर्दंड आपल्यावर नाही, हा रिझर्व्ह बँकेचा २०१७चा नियम कामी आला. पैसे परत मिळाले. पण तोवर गाडीचा हप्ता बाउन्स झाला नि माटोळीच्या (गणपतीच्या वर फळं-भाज्या बांधतात ती) सामानाला भावाकडे हात पसरावा लागला.

ऑफिसातले म्हणतात, क्रेडिट कार्ड घे, अडकले तर बँकेचे पैसे अडकतात, तुझे नाहीत. पटतं. पण बाबांचं एकच, ‘उसनं ते उसनंच!’ तेही खोटं नाही. बिलाची फक्त ‘किमान रक्कम’ भरून उरलेलं पुढे ढकललं की महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज, आणि कार्डावर रोख काढली तर त्याच दिवसापासून मीटर सुरू. माझा हात तसा सैलच आहे, हे कबूल.

मुदत ठेवीवर मिळणारं, कमी मर्यादेचं कार्ड कुणी वापरलंय का? आणि रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलं तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चालतं का? दुकानदाराच्या क्यूआरवर चालतं म्हणे, पण तिथल्या बायांकडे बहुतेक घरच्या खात्याचाच क्यूआर असतो. अनुभव असेल त्यांनीच सांगा, कार्ड विकणारे नकोत.