मदत हवी आहे: सोसायटीच्या बागेत देशी झाडं लावली, आता सगळे 'जंगल झालं' म्हणतात

नमस्कार मंडळी,

आमच्या इमारतीमागे एक लांबट पट्टी आहे. अर्ध्यात लॉन, अर्ध्यात घाणेरी माजलेली. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही तिघांनी घाणेरी तोडली आणि तिथे अडुळसा, निर्गुंडी, कोरांटी, कढीपत्ता आणि दोन रुया लावल्या. (रुई मुद्दाम कोण लावतं, असं बायकोनेही विचारलं. प्लेन टायगर फुलपाखराच्या अळीला रुईच्या जातकुळीतलीच पानं लागतात, म्हणून.)

झाडं जगली. अडुळशावर भुंगे येतात, निर्गुंडी तर दोन पुरुष उंच झालीय. पण अडचणी अशा:

घाणेरी पुन्हा फुटली. जमिनीलगत कापली होती, आता एकेका बुंध्यातून सात-आठ फुटवे.

कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या होत्या. मोठ्या होऊन हिरव्या झाल्या, आम्ही रोज बघायला जायचो. एका सभासदाने न विचारता औषध मारलं. सगळ्या मेल्या.

आणि रुईचा चीक. पलीकडेच मुलं खेळतात, पालकांची भीती रास्त आहे.

रविवारी मीटिंग आहे. काही जण म्हणतात, सगळं काढून सदाफुली आणि झेंडू लावा. सदाफुली मूळची मादागास्करची, झेंडू मेक्सिकोकडचा, हे सांगितलं की लोक माझ्याकडे विचित्र नजरेने बघतात. झेंडूशी माझं भांडण नाही हो, पण सगळी पट्टी त्याचीच कशाला? जाणकारांनी कृपया सुचवा.

प्रतिसाद १
घाणेरी जमिनीलगत कापून मरत नाही. कुदळीने बुंध्याच्या थोडं खाली जाऊन खोड आणि मूळ जुळतं तो भाग काढा, फुटवे तिथूनच येतात. फळं धरायच्या आत करा, नाहीतर पक्षी बिया पसरवणार. आणि जागा उघडी ठेवू नका, लगेच काहीतरी लावा.

प्रतिसाद २
'जंगल' दिसतं ते बहुतेक निर्गुंडीमुळे. बिनधास्त छाटा, ती पुन्हा फुटते. रस्त्याकडेला कोरांटीची एक रांग कातरून सरळ ठेवा. कड नीट असली की आतला पसारा लोकांना मुद्दाम केलेला वाटतो. कढीपत्ता अळ्यांनी मरत नाही, पालवी परत येते. तिथे 'फुलपाखराच्या अळ्या, फवारू नये' अशी पाटी लावा. रुई मात्र मुलांपासून लांब हवी, चीक डोळ्यात गेला तर खरंच इजा होते.

धागाकर्ता
दोघांचे आभार. छाटणी उद्याच करतो. रुई उपटून कुंपणाच्या कोपऱ्यात लावली तर जगेल का?

प्रतिसाद २
मोठी असेल तर अवघड, मूळ खोल जातं. बोंड तडकलं की म्हाताऱ्या उडायच्या आत बी धरा आणि कोपऱ्यात पेरा.