चालता वॉटर पंप किलोमीटर भरले म्हणून काढायचा का?

तापीकाठ: आमच्या बस डेपोतल्या वॉटर पंपांचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपांचं, तीन वर्षांचं रजिस्टर संगणकात चढवलं आणि वायबुल, म्हणजे भाग किती वापरानंतर निकामी होतात ते मांडणारं गणित, बसवून पाहिलं. त्यातला बीटा, म्हणजे वयाबरोबर बिघाड वाढतो का ते सांगणारा आकडा, १ च्या आसपास आला; १ च्या वर गेला तरच झीज. म्हणजे पंप जुना झाला म्हणून जास्त जातो असं नाही, नवा-जुना सारखाच. मग ठरलेले किलोमीटर भरले म्हणून चालता पंप का काढायचा? विमानांच्या भागांबद्दल युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी १९७८ मध्येच सांगितलंय, ८९ टक्के भागांना वयाची मर्यादा घालून फायदा नाही.

जुना पाना: भो, ते रजिस्टर मी भरलंय. रात्री अकराला गाडी आत येते, हेल्पर लिहितो ‘गाडी गरम’. त्यात गळकं सील आलं, ढिला बेल्ट आला, चोकअप रेडिएटर आला. सकाळची पहिली फेरी सोडायची असते, म्हणून पंपच बदलतो आणि नोंद पंपाच्या नावावर. तुझा बीटा पंपाचा नाही, आमच्या घाईचा आहे.

तापीकाठ: मग तुमचं ठरलेलं किलोमीटर तरी कुठून आलं? त्याच रजिस्टरातून ना? मी निदान चालते काढलेले पंप ‘अजून जिवंत’ धरले. नुसत्या मेलेल्यांची सरासरी काढली तर आयुष्य कमीच दिसणार.

घाटवाली: चाळीसगावहून कन्नड घाट चढणाऱ्या आणि चोपडा-यावलच्या सपाटीवर पळणाऱ्या गाड्या एकाच पोत्यात भरल्यास का? दोन्हीकडे पंप झिजूनच जात असले, तरी एकत्र केले की बीटा खाली येतो. घाटातले आधी जातात, मागे सपाटीवाले उरतात, आणि वाटतं वयाचा काही संबंधच नाही.

जुना पाना: बघ! शिवाय नवा पंप घाईत बसवला, गॅस्केट नीट बसलं नाही, तर आठवड्यात गळतो. तेही त्यातच.

तापीकाठ: अहो, हे तर माझ्याच बाजूचं झालं. चालता काढून नवा बसवला की तोच धोका पुन्हा घरात घ्यायचा.

जुना पाना: मग नीट बसवा! आणि ब्रेक लायनरला हा हिशोब लावू नकोस. पंप गेला तर प्रवासी निंबाखाली बसतात.

तापीकाठ: लायनरची जाडी मोजता येते, तिथे अंदाज हवाच कशाला? घाट-सपाटी वेगळी करून परत टाकतो. कुठली गाडी कुठे गेली ते कुठे मिळेल?

जुना पाना: कंट्रोलरच्या खोलीत. पण आज घाटात गेलेली गाडी उद्या चोपड्याला असते.