आईचा कोल्हापुरी साज आटवू की लाख भरून घेऊ?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. आईचं वर्षश्राद्ध झाल्यावर दादाने आणि मी तिची ट्रंक उघडली. बाबांचं चावीचं एचएमटी घड्याळ दादाने घेतलं, रोज सकाळी न चुकता चावी देतो. माझ्याकडे आईचा साज आला.

मे १९६४ मध्ये तिच्या लग्नात आजोबांनी घातलेला. कोल्हापूरला गुजरीत, म्हणजे सराफांच्या पेठेत, करून घेतला होता, त्या हंगामाच्या गुळाचे सगळे पैसे त्यात गेले असं आई सांगायची. एकवीस पानं, मधे जवमणी, खाली ताईत. आता पानांच्या आत भरलेली लाख सुकलीय. चंद्राचं आणि भुंग्याचं पान कानाशी धरून हलवलं तर आत खुळखुळतं. दोरा कुजलाय.

कासवाचं पान चेपलेलं आहे, ते माझ्यामुळे. मी तिसरीत होते. आईने न्हायला जाताना साज काढून जमिनीवर ठेवला होता आणि मी जेवायला पाट ओढला, तो नेमका त्यावर. मी रडून गोंधळ घातला. आईने पान हातात घेऊन बघितलं आणि म्हणाली, "कासव आहे बाई, पाठीवर ओझं असायचंच." तो चेप तिने कधी काढून घेतला नाही.

गेल्या आठवड्यात गावातल्या एका सराफाकडे नेला. त्याने मशीनवर तपासला आणि म्हणाला, "चौदा कॅरेट भरतंय. तुमच्या आजोबांना कुणीतरी चांगलंच फसवलंय. आटवा आणि बावीसमध्ये नवा करा." दोन रात्री मला झोप नाही. ज्या माणसाने आयुष्यात कुणाचा आणा बुडवला नाही, त्याला पोरीच्या लग्नात कुणी फसवलं असेल?

लाख पुन्हा भरता येते का? भरताना कासवाचा चेप निघून जाईल का? आणि आजोबा खरंच फसले का?

ठसा_आणि_ऐरण
ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. आजोबा फसलेले नाहीत.

जानेवारी १९६३ मध्ये केंद्र सरकारने सुवर्ण नियंत्रण आणलं. मोरारजी देसाई अर्थमंत्री होते. चीनशी युद्ध नुकतंच संपलेलं, परकीय चलनाची ओढाताण, चोरट्या सोन्याला आळा घालायचा होता. नवा दागिना चौदा कॅरेटच्या वर करायलाच बंदी आली. ही अट १९६६ मध्ये उठली. म्हणजे १९६४ चा तुमचा साज चौदाचा निघतो, कारण सोनाराने कायदा पाळला. चौदा म्हणजे शंभरात अठ्ठावन्न भाग सोनं, तेव्हा रंग थोडा फिका दिसणारच.

माझे आजोबा साजाची पानं ठोकायचे. चौदाचा पत्रा कडक, ठशावर नक्षी नीट उठत नाही. गिऱ्हाईकही तुटलं. दीड वर्ष ते हातोडी ठेवून गुऱ्हाळावर कामाला जात होते. त्या काळात कित्येक सोनारांच्या घरात चूल पेटायची पंचाईत होती. त्या दिवसांत कुणीतरी कडक पत्र्यावर कासव, मासा, बेलपान उठवलंय, ते आटवू नका. हात जोडून सांगतो.

आता लाखेचं. पान आतून पोकळ असतं, पातळ पत्र्याला आधार म्हणून लाख भरतात. पान तापवून जुनी लाख काढता येते, नवी भरता येते. चेप आपोआप जात नाही, आतून दाबून उठवावा लागतो. पण चांगला कारागीर तुम्हाला बरं वाटावं म्हणून न विचारता उठवेल, म्हणून तोंडाने स्पष्ट सांगा. कासवाची लाख शाबूत असेल तर ते पान तापवूच देऊ नका.

देण्याआधी वजन लिहून घ्या, प्रत्येक पानाचे मागून-पुढून फोटो काढा आणि जमलं तर समोर बसून काम करून घ्या. ओवायला पटवेकऱ्याकडेच द्या.

माहेर_गडहिंग्लज
मी आईचा साज आटवून मुलीसाठी दोन बांगड्या केल्या. आता बांगड्या हातात घेतल्या की बांगड्याच दिसतात. एवढंच सांगते.

जुनी_नाणी
विषय थोडा वेगळा, पण साज दुरुस्तीला दिला की पॉलिशचाही प्रश्न येईल, त्यावरून आठवलं. बाबांनी भोकाचे पैसे जमवले होते, १९४३ ते ४७ मधले, सुतळीत ओवलेले. ते गेल्यावर मी चांगलं व्हावं म्हणून चिंच लावून सगळे घासले. लखलखीत झाले. नाण्यांच्या जाणकाराने बघून मान हलवली, वर्षानुवर्षं चढलेला रंग गेला की नाण्याची किंमतही जाते. किमतीचं सोडा, बाबांच्या बोटांनी गुळगुळीत झालेला तो काळसरपणा मी स्वतःच्या हाताने धुऊन काढला. ताई, साज चकचकीत करून देतो म्हणाले तर नको म्हणा.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय.

गुजरीत एक म्हातारे कारागीर मिळाले. दोन दिवस त्यांच्यासमोर बसून होते. वीस पानांत नवी लाख भरली. कासव त्यांनी कानाशी नेऊन हलवलं, आवाज आला नाही, तसंच बाजूला ठेवलं. पॉलिश केलं नाही.

ठसा_आणि_ऐरण, तुमचं उत्तर वाचल्यावर मी मामाला फोन केला. चौऱ्याऐंशीचा आहे, ऐकू कमी येतं, ओरडून सांगावं लागलं. तो म्हणाला, आप्पा, म्हणजे माझे आजोबा, साज घेऊन घरी आले तेव्हा ओसरीवर बसून राहिले होते, आजीला म्हणाले, "पोरीला सरकारी सोनं घालायची पाळी आली." बंदी उठल्यावर बावीसमध्ये मोडून करून देतो असं त्यांनी आईला दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा तिनेच नाही म्हटलं.

आईने हे आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

पटवेकऱ्याकडून परवा साज येईल. मामाकडे घालून जाणार आहे.