डेस्कटॉपचा आवाज कमी करायचाय, पण मशीन तापायला नको. सुरुवात कुठून करू?

वाचनवेळ

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणारे पण सगळं एकदाच सांगितलेलं बरं. मी घरी बसून गोष्टी आणि धडे वाचून रेकॉर्ड करते, ज्या मुलांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी. दिवसा बाहेरचा गोंगाट असतो म्हणून रेकॉर्डिंग रात्रीच. अडचण अशी की माइकमध्ये माझ्या आवाजामागे सतत एक घूं घूं येतं, आणि त्यात मधेच पंखे एकदम चढतात नि चारपाच सेकंदांत उतरतात, नेमकं वाक्याच्या मधोमध. सलग आवाज असेल तर एडिटिंगमध्ये बराचसा काढता येतो पण ही चढउतार काही केल्या निघत नाही, काढायला गेलं की माझाच आवाज डब्यातून आल्यासारखा होतो.

मशीन असं आहे: सीपीयू (प्रोसेसर) राइझेन ७ ५८००एक्स, जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) आरटीएक्स ३०६० टीआय, सीपीयूवर १२० मिमी पंख्याचा टॉवर कूलर, कॅबिनेटला पुढे तीन पंखे आणि मागे एक, पुढचं पॅनल सबंध काचेचं. एक एनव्हीएमई एसएसडी आणि जुन्या रेकॉर्डिंगसाठी ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क. काहीच चालू नसताना सीपीयू ४५ ते ६० अंशांच्या मधे उड्या मारत असतो, व्हिडिओ एक्सपोर्टला ८८-९०. भाऊ गेम खेळतो तेव्हा जीपीयू ७८ पर्यंत जातं.

एकदा बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन सगळे पंखे सायलेंटवर टाकले तर एक्सपोर्टच्या वेळी सीपीयू ९० ला जाऊन तिथेच चिकटला, घाबरून परत होतं तसं केलं. आता लिक्विड कूलर घ्यावा का? आतून फोम लावावा का? की अजून पंखे? नीट सांगा, कारण हे काम मला बंद पडू द्यायचं नाहीये.

पंखा१४०

ताई, काहीही विकत घ्यायच्या आधी दोन दिवस फक्त ऐका. आवाज एकच वाटतो पण असतात तीनचार, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा.

आधी घूं घूं कुठून येतंय ते शोधा. कागदाची लांब गुंडाळी करून एक टोक कानाला लावा आणि दुसरं टोक कॅबिनेटच्या बाहेरून एकेक भागाजवळ फिरवा, अगदी साधी युक्ती आहे पण जागा बरोबर सापडते. मग बायोसमध्ये कॅबिनेटचे पंखे एकेक करून थोडा वेळ बंद करून बघा, मशीन रिकामं बसलं असताना पाचदहा मिनिटं ते बंद राहिले तर काही बिघडत नाही (सीपीयूचा पंखा मात्र बंद करू नका). आणि मशीन पूर्ण बंद करून हार्ड डिस्कची पॉवर केबल काढा, परत चालू करा आणि ऐका. ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या, त्यामुळे डिस्कचा जो आवाज येतो तो १२० हर्ट्झच्या आसपासचा जाड हुंकार असतो. तो डिस्कमधून कमी आणि कॅबिनेटच्या पत्र्यातून जास्त येतो, पत्रा त्याच्याबरोबर थरथरतो म्हणून.

आता चढउतार. राइझेन ५००० मालिकेची ही खोड आहे, ब्राउझरचा एक टॅब उघडला तरी एखादा कोअर (सीपीयूतला काम करणारा एक भाग) क्षणभर पूर्ण व्होल्टेज घेतो आणि तापमान एका झटक्यात १०-१५ अंश उडी मारतं. ज्यात हे कोअर असतात ती चिपलेट एवढीशी असते, उष्णता तिथून हीटसिंकपर्यंत (कूलरच्या धातूच्या पात्यांपर्यंत) पसरायच्या आत सेन्सर आकडा दाखवून मोकळा होतो. खरं तर हीटसिंक अजून गारच असतो, पंखा जोरात फिरवून त्या उडीला काही फरक पडत नाही, फक्त आवाज होतो. म्हणून फॅन कर्व्ह (कोणत्या तापमानाला पंखा किती वेगाने फिरेल त्याचा आलेख) असा करा की ६५ अंशांपर्यंत अगदी सपाट, समजा ३५ टक्के, ७५ ला ५० टक्के, ८५ ला ८० टक्के. आणि स्टेप अप टाइम किंवा स्मूदिंग असं काही नाव असलेली सेटिंग बहुतेक बोर्डांत असते, ती जास्तीत जास्त करा म्हणजे क्षणिक उडीला पंखा दाद देणार नाही.

कॅबिनेटचे पंखे तीन पिनांचे असतील तर तो हेडर (मदरबोर्डवर पंखा जोडायची जागा) डीसी मोडवर, म्हणजे व्होल्टेजने वेग बदलणाऱ्या मोडवर ठेवा, पीडब्ल्यूएमवर (चौथ्या पिनेच्या सिग्नलने वेग बदलणाऱ्या मोडवर) ठेवलात तर ते कायम फुल स्पीडने पळतील. ही चूक फार ठिकाणी असते, आधी हेच तपासा.

वॅटमोज

वरचं सगळं बरोबर आहे पण माझ्या मते क्रम उलटा हवा. पंखे कशासाठी फिरतात, उष्णता बाहेर काढायला. मग मुळात उष्णताच कमी तयार करा ना.

५८००एक्सचा टीडीपी (कूलर निवडायला दिलेला उष्णतेचा आकडा) १०५ वॅट लिहिलेला असतो पण सॉकेटला मिळणारी मर्यादा, ज्याला पीपीटी म्हणतात, ती १४२ वॅट आहे. आणि एकाच छोट्या चिपलेटमधून एवढी उष्णता येते त्यामुळे तो थंड करायला अवघड म्हणून प्रसिद्धच आहे. बायोसमध्ये इको मोड ६५ वॅट असा पर्याय मिळतो का बघा, त्यात पीपीटी ८८ वॅट होतो. पर्याय नसेल तर बायोसच्या पीबीओ या विभागात जाऊन पीपीटी ८८ वॅट, आणि करंटच्या मर्यादा टीडीसी ६० नि ईडीसी ९० अँपिअर हे आकडे हाताने टाका. एक्सपोर्टला थोडा जास्त वेळ लागेल, ब्राउझर, ऑडिओ एडिटिंग, लिहिणं वाचणं यात फरक कळणारही नाही कारण एकदोन कोअर वापरणारं काम तसंही ८८ पर्यंत पोचत नाही.

९० ला चिकटला म्हणून घाबरलात, तर त्या सीपीयूची कमाल मर्यादाच ९० आहे. तिथे पोचला की तो स्वतःच स्पीड कमी करतो, जळत नाही. पण रोज तासन्‌तास तिथे ठेवू नये हेही खरं.

जीपीयूलाही हेच लागू. चिपची पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून व्होल्टेज जरासं उतरवलं तरी उष्णता बरीच उतरते. आफ्टरबर्नर या ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कंट्रोल एफ दाबलं की व्होल्टेज आणि स्पीडचा कर्व्ह उघडतो, माझं ३०६० टीआय मी १८०० मेगाहर्ट्झला ९०० मिलिव्होल्टवर बांधलंय आणि गेममध्ये फरक जाणवलेला नाही. प्रत्येक चिप वेगळी असते त्यामुळे तुमच्याकडे हेच आकडे चालतील असं नाही, बदल केल्यावर तासभर जड गेम चालवून बघा, क्रॅश झालं तर २५ मिलिव्होल्ट वाढवा. एवढी कटकट नको असेल तर नुसती पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा, एक स्लायडर आहे, झालं काम. आणि भावाला फ्रेम रेट मॉनिटरच्या रिफ्रेश रेटला बांधायला सांगा. मॉनिटर ६० हर्ट्झचा असताना कार्ड १८० फ्रेम बनवत बसतं ती सगळी उष्णता फुकट, शिवाय कॉइल व्हाइन म्हणजे ती किर्रर्र शिट्टी येते तीसुद्धा जास्त फ्रेम रेटला वाढते.

लिक्विडवाला

मी तर म्हणेन २४० मिमीचा लिक्विड कूलर बसवा, माझ्याकडे आहे, एक्सपोर्टला तापमान ७५ च्या आसपास राहतं आणि ५८००एक्ससाठी ते खूप चांगलं आहे. पाण्याला तापायला वेळ लागतो त्यामुळे पंखे पाण्याच्या तापमानावर लावले की चढउतार जवळपास बंदच होते.

पंखा१४०

@लिक्विडवाला चढउतारीचा मुद्दा पटला. पण ताई माइक घेऊन बसतात, आणि पंप चोवीस तास चालतो, मशीन रिकामं असतानाही. टॉवर कूलरचा पंखा ५०० आरपीएमवर आणता येतो, पंपाचा तो बारीक सूर मात्र राहतोच आणि रात्रीच्या शांततेत तोच ऐकू येतो. पंपात हवा अडकली तर गुळगुळ वेगळी. गेमिंगचं मशीन असतं तर मी वाद घातला नसता.

फोमबद्दल: फोम बारीक, उंच आवाज शोषतो, किर्र किंवा हवेची सळसळ. हुंकारासारखा जाड आवाज तेवढ्या पातळ फोममधून आरपार जातो. आणि फोमने हवेच्या वाटा बंद झाल्या की आत उष्णता साठते, पंखे आणखी जोरात, म्हणजे आपण परत होतो तिथेच.

पुढची काच हा माझ्या मते तुमच्या मशीनचा खरा गुन्हेगार आहे. एक प्रयोग करा, एक्सपोर्ट चालू ठेवा, पंधरा मिनिटांनी तापमान लिहून ठेवा, मग पुढचं पॅनल काढून तसंच परत करा. पाचसहा अंशांच्या वर फरक पडला तर पंख्यांना श्वासच मिळत नाहीये असं समजा, मग अजून पंखे लावून काहीच होणार नाही, दोन सारखे पंखे झाले की आवाज ३ डेसिबलने वाढतो एवढंच. उलट आहे त्याच पंख्यांचा वेग १२०० वरून ९०० केला तर हवा पाऊण राहते पण आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. वाट मोकळी असेल तर हा सौदा फार फायद्याचा.

धूळझाड

साफसफाई केली आहे का कधी? कोणी विचारलंच नाही म्हणून विचारतो. पुढच्या फिल्टरवर आणि कूलरच्या पात्यांमध्ये धूळ बसली की वरचे सगळे कर्व्ह व्यर्थ. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, मोकळं फिरू दिलं तर बेअरिंग खराब होतं. पॉवर सप्लाय बाहेरूनच साफ करा, उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. कॅबिनेट गालिच्यावर असेल तर खालून पॉवर सप्लायला हवा मिळत नाही, खाली फळी ठेवा.

वाचनवेळ

सगळ्यांचे मनापासून आभार, शनिवार-रविवार याच्यातच गेला. क्रमाने सांगते.

हार्ड डिस्कची केबल काढली आणि घूं घूं गेलं. म्हणजे अक्षरशः गेलं. दोन वर्षं मी पंख्यांना दोष देत होते. रेकॉर्डिंगमध्ये बघितलं तर बरोबर १२० हर्ट्झला एक सरळ रेघ होती जी आता नाहीये. मागचा पंखा तीन पिनांचाच निघाला आणि खरंच पीडब्ल्यूएम मोडवर होता, पूर्ण वेगाने पळत होता, तो डीसीवर टाकला.

पुढची काच काढून सीपीयू ८९ वरून ८१ वर आला. इको मोड लावल्यावर काच नसताना ६८. हे मला अजून खरं वाटत नाहीये. एक्सपोर्ट आधी अकरा मिनिटांत व्हायचा तो आता बारा मिनिटांच्या थोडा वर. कर्व्ह ६५ पर्यंत सपाट केलाय, काल रात्री पूर्ण धडा वाचून झाला आणि एकदाही पंखा चढला नाही.

दोन गोष्टी उरल्यात. हार्ड डिस्क कायमची काढून कशी चालेल, जुनं सगळं तिच्यावर आहे. आणि आवाज साफ करण्यासाठी एनव्हिडिया ब्रॉडकास्ट लावलं होतं तर जीपीयूचे पंखे मधेच सुरू होतात आणि थांबतात, सुरू होतात आणि थांबतात, आधी असं नव्हतं.

वॅटमोज

मस्त! ब्रॉडकास्ट आवाज साफ करायला जीपीयूच वापरतं, त्यामुळे कार्ड हळूहळू तापतं. तुमच्या कार्डाचे पंखे ठरावीक तापमानापर्यंत बंद असतात, साधारण पन्नास-साठच्या मधे कुठेतरी, आणि आता ते बरोबर त्या सीमेवर येऊन जाऊन करतंय. रेकॉर्डिंगच्या वेळी ब्रॉडकास्ट बंदच ठेवा, नंतर एडिटिंगमध्ये साफ करा, मूळ आवाजही शुद्ध राहील. लागणारच असेल तर आफ्टरबर्नरमध्ये पंखे ३० टक्क्यांवर कायम चालू ठेवा. सलग मंद आवाज परवडला, चालू-बंद नको.

पंखा१४०

डिस्क: सगळ्यात चांगलं म्हणजे जे रोज लागतं ते मोठ्या एसएसडीवर आणा आणि ही डिस्क यूएसबी डबीत घालून लागेल तेव्हाच जोडा. आतच ठेवायची असेल तर स्क्रू आणि पत्र्याच्या मधे रबरी वॉशर लावा, हुंकार बराच उतरतो पण रात्रीच्या माइकसाठी पुरेसा उतरेल का याची खात्री मी देत नाही. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये २० मिनिटांनी डिस्क थांबवायचा पर्याय आहे, फक्त तो दोनतीन मिनिटांवर ठेवू नका, सारखं थांबणं नि सुरू होणं डिस्कला चांगलं नाही. आणि काहीही करा, आधी दुसरीकडे कॉपी. त्या रेकॉर्डिंगची एकच प्रत असेल तर आज रात्री पहिलं काम तेच.

काचेच्या जागी जाळीचं पॅनल मिळतं का ते तुमच्या कॅबिनेटच्या कंपनीकडे विचारा. नसेल तर काच बसवण्याच्या जागी उंच स्पेसर घालून दोन सेंटिमीटर फट ठेवली तरी भागतं. मात्र फिल्टर पंख्यांच्या पुढे राहू द्या.

वाचनवेळ

कॉपी लावली आहे, अजून तीन तास दाखवतंय. डिस्क त्यासाठी परत जोडली आणि आता तो हुंकार इतका स्पष्ट ऐकू येतोय की इतके दिवस मी यात कशी वाचत होते तेच कळत नाही. कॉपी झाली की डबीत जाईल. स्पेसर लावून परत आकडे टाकते इथे, आणि मागच्या आठवड्यातले दोन धडे परत वाचून काढणार आहे, ते मुलांकडे तसेच जाऊ द्यायचे नाहीत.