प्राणी-नियंत्रण उपविधीच्या मसुद्यावर सूचना पाठवायच्या आहेत, मदत हवी आहे

आमच्या छोट्या शहराच्या प्राणी-नियंत्रण उपविधीचा मसुदा हरकती व सूचनांसाठी खुला झाला असून, त्यात पाळीव कुत्र्यांची नोंदणी, गळ्यातील पट्टा आणि दंड यांवर पानेच्या पाने खर्ची पडली आहेत. मात्र माणसाला चावलेल्या कुत्र्याला रेबीजच्या शंकेपोटी १० दिवस निरीक्षणाखाली ठेवायचे झाल्यास ते कोठे आणि कोणाच्या खर्चाने, याबद्दल एक ओळही नाही. माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे ९९ टक्के संसर्ग कुत्र्यांमार्फत होतो आणि तो रोखण्यासाठी किमान ७० टक्के कुत्र्यांचे लसीकरण व्हावे लागते, हे पाहता नुसता दंड वाढवणे मला वरवरचे वाटते (वसुली होईल की नाही, हा प्रश्न वेगळाच). अशा उपविधींवर काम केलेल्यांनी निरीक्षणाच्या कलमांची शब्दरचना कशी असावी, आणि विशेषतः कुत्र्याचा मालक सापडत नसल्यास निर्णयाचा अधिकार कोणाकडे ठेवावा, हे कृपया कळवावे.