पदवी नाही म्हणून काम हलकं होत नाही

"वनस्पतिशास्त्र न शिकलेल्या हौशी माणसाचं देशी झाडांसाठी योगदान ते किती असणार?" असं वरच्या प्रतिसादात विचारलंय. मला हे पटत नाही.

आमच्या बेळगावच्या वडगावातले एक काका आयुष्यभर दुकान सांभाळून हेच करत आले. पावसाआधी खानापूरकडच्या जांबोटी, कणकुंबीच्या जंगलात जायचे आणि झाडाखाली पडलेल्या बिया तेवढ्या वेचायचे. ऐन, किंजळ, नाना, कुंभा, बेहडा ही झाडं नर्सरीत सहज मिळत नाहीत, तिथं गुलमोहर आणि उंच वाढणारा खोटा अशोकच पुढं असतो. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. खरा सीता अशोक मात्र आपल्या सह्याद्रीतला, नारिंगी-लाल फुलांचा, हे मला काकांनीच दाखवलं.

त्यांचं खरं मोठेपण बारकाव्यात आहे. जांभळाची बी सुकली की उगवण्याची ताकद झपाट्यानं गमावते, म्हणून गर धुऊन ती लगेच पेरायची. बेहड्याचं उलट: कवच टणक, गर काढून बी पाण्यात भिजत घालावी लागते. हे ते शाळकरी पोरांना दुधाच्या पिशव्यांत रोपं करता करता शिकवायचे. रोप देताना "दोन उन्हाळे पाणी घालणार असशील तरच ने" असं बजावायचे, आणि नंतर बघायलाही जायचे!

एवढी चिकाटी पदवीनं येत नाही. बेळगाव, खानापूरकडचं कुणी असेल तर यंदा जांभळं खाऊन बिया फेकू नका, ओल्या असतानाच पेरा.